सोमवारचा पाढा गुरुवारी कुठे जातो?

तिसरीच्या वर्गात सोमवारी सातचा पाढा होतो. सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, संध्याकाळी मूल घरी तो धडाधड म्हणून दाखवते. गुरुवारी बाई मध्येच ‘सात सक?’ विचारतात आणि मूल गप्प. मनातल्या मनात ‘सात एके सात’पासून सुरुवात करून तिथपर्यंत पोहोचेस्तोवर बाई पुढच्या मुलाकडे वळलेल्या असतात. चाचणीचे पेपर घरी गेले की अशी मुले आमच्या बाह्यरुग्ण विभागात दिसू लागतात. ‘पाठ करतो, पण लक्षातच राहत नाही. बुद्धीचं टॉनिक लिहून द्या.’ मूल शेजारी उभे राहून सगळे ऐकत असते. त्याला ‘ढ’ हा शब्द एव्हाना माहीत झालेला असतो.

टॉनिक मी लिहून देत नाही. निरोगी मुलाची स्मरणशक्ती वाढवणारे औषध वैद्यकशास्त्राकडे नाही, मग बाटलीवर काहीही छापलेले असो.

यातल्या बहुतेक मुलांचा मेंदू अगदी ठरल्याप्रमाणे काम करत असतो. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अर्थहीन अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ करून आपण किती विसरतो हे मोजले आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. सर्वांत जास्त विसरणे पहिल्या काही तासांत होते, नंतर वेग मंदावतो. मात्र विसरलेली यादी पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. म्हणजे काहीतरी आत उरलेले असते. गुरुवारी गप्प बसलेल्या मुलाच्या डोक्यातही सोमवार पुसला गेलेला नसतो, तो बाहेर काढण्याची वाट अजून रुळलेली नसते.

ही वाट आठवूनच रुळते, पुन्हा पुन्हा वाचून नव्हे. अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा २००६ मधला प्रयोग याबाबतीत प्रसिद्ध आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा मात्र लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आठवत होते, वाचणाऱ्यांना ४२ टक्के. ती मोठी मुले होती हे खरे, पण आठवून पाहण्याचा फायदा लहान मुलांतही दिसलेला आहे.

म्हणून रविवारी रात्री दोन तास बसवून घोकून घेण्यापेक्षा सोमवारी, मंगळवारी, गुरुवारी पाच-पाच मिनिटे विचारणे चांगले, तेही क्रम मोडून. भाकरी थापता थापता ‘सात आठे किती?’ एवढे पुरते. चुकले तर उत्तर सांगून टाकावे आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारावे. रागावू नये. घाबरलेल्या मुलाचे अर्धे लक्ष समोरच्याच्या चेहऱ्याकडे असते.

दुसरी गोष्ट झोप. दिवसा शिकलेले मेंदूतील हिप्पोकॅम्पस नावाचा भाग तात्पुरते सांभाळतो आणि गाढ झोपेत ते पक्के होत जाते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते. रात्री अकरापर्यंत मोबाइल आणि सकाळी सहाला रिक्षा, हा हिशेब कुठल्याच पाढ्यात बसत नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्यास सांगितले, त्यामागे मुलांची झोप हेच कारण होते. पण मूल झोपवायचे किती वाजता, हे परिपत्रक ठरवू शकत नाही.

काही मुलांचे खरोखर काही दुखत-खुपत असते. फळ्यावरचे चुकीचे उतरवणाऱ्या मुलाचे डोळे तपासावेत. सारखा कान फुटणाऱ्या किंवा तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाला कमी ऐकू येत असू शकते. लोह कमी असले की मूल दमते, लक्ष टिकत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील पाच वर्षांखालच्या सुमारे ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला होता. त्यातली बरीच मुले आज प्राथमिक शाळेत आहेत. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची गुलाबी गोळी म्हणून चुकवू नये. ती जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर नको. शौचाला काळसर झाली तर घाबरून बंद करू नये.

आणखी एक आजार शिक्षकांच्याच नजरेला आधी पडतो. बोलता-लिहिता मूल पाच-दहा सेकंद थांबते, नजर शून्यात जाते, हाक ऐकू येत नाही. मग काही झालेच नाही असे पुढे लिहू लागते. दिवसातून अनेकदा असे झाले तर वाक्यांचे तुकडेच निसटतात आणि मुलाला ‘स्वप्नाळू’ म्हटले जाते. हा फिट्सचा एक प्रकार असू शकतो आणि बहुतेक मुलांत औषधांनी तो आटोक्यात येतो. असे दिसले तर मोबाइलवर चित्रण करून घेऊन या. तपासणीच्या खोलीत नेमके त्याच वेळी होईल याची खात्री नसते. ते चित्रण बघून डॉक्टरांचे निम्मे काम होते.