यशाची धास्ती



नापास होण्याची भीती आपल्या सर्वांच्या ओळखीची. पण यश मिळण्याची भीती? ऐकून हसू येईल. धानोरा, एटापल्ली, सिंदेवाहीकडच्या एखाद्या शाळेत डोकावून पाहा. मुलीला उत्तर येत असते, तरी हात वर होत नाही. विचारले तर म्हणते, "मले नाही जमत, गुर्जी." खरी धास्ती असते ती जमल्यावर पुढे काय, याची. पहिला नंबर आला की दूरच्या वसतिगृहात जावे लागणार, मैत्रिणी तुटणार, आणि घरचे म्हणणार, आता दर वेळी पहिलीच ये!

ही काही आपल्याच जंगलपट्टीची गोष्ट नव्हे. मटिना हॉर्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात कॉलेजातल्या मुलींना एक गोष्ट पुरी करायला दिली. अ‍ॅन नावाची मुलगी वैद्यकीच्या वर्गात पहिली आली. पुढे काय झाले? कितीतरी मुलींनी तिच्या वाट्याला एकटेपणा आणि दुःखच लिहिले. हा दोष मुलींचा म्हणू नका. हुशारीची किंमत त्यांनी भोवताली पाहिलेली होती.

मग उपाय काय? नुसते "तू हुशार आहेस" म्हणून भागत नाही. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडले, की आत्मविश्वास चार वाटांनी येतो: स्वतः पार पाडलेले काम, आपल्यासारख्याने केलेले पाहणे, विश्वासाच्या माणसाचा शब्द, आणि छातीतली धडधड म्हणजे दुबळेपणा नव्हे ही समज. पैकी पहिली वाट सर्वांत पक्की.

आता आपल्याच जिल्ह्यातले मेंढा (लेखा) पाहा. धानोरा तालुक्यातले हे लहानसे गोंड गाव. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्याला सामूहिक हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. एवढा व्यवहार आपल्याला पेलेल का, असे कोणत्याही गावाला वाटले असते. पण मेंढ्याने कित्येक वर्षे आधीपासून अभ्यासगटात बसून कायदा समजून घेतला होता, आणि लहानमोठे निर्णय सर्वसहमतीने घेण्याची सवय लावली होती. धीर एका दिवसात आला नाही. तो कामाकामाने साठत गेला.

शाळेतही हेच करता येईल. लाजऱ्या मुलीला एकदम व्यासपीठावर उभे करू नका. आज तिला खडू-फळ्याचा हिशेब द्या, उद्या पाच मुलांना वाचून दाखवू द्या. बाहेर शिकून आलेली गावचीच एखादी ताई वर्गात बोलवा. आणि आईबापांनो, एवढे सांगाच: "पुढं गेलीस तरी तू आमचीच, कधी मागं पडलीस तरी आमचीच."

घर हातचे सुटणार नाही, हे कळले म्हणजे हात आपोआप वर होतो.