मोसमी वारे, चक्रीवादळे आणि गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातील गाळाचे वहन

प्रस्तावना :

संगमनेरवरून वाहणारी प्रवरा रतनगडाच्या परिसरात उगम पावते व नेवासे तालुक्यात प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. गोदावरी पुढे आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराच्या काठी विस्तीर्ण त्रिभुज प्रदेश निर्माण करते. नदी गाळ आणते व मुखाशी टाकते, एवढेच वर्णन सामान्यतः केले जाते. प्रत्यक्षात हा गाळ मुखाशी स्थिर राहत नाही. वारा, लाटा आणि वादळे त्याची फेरवाटणी करतात. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे स्वरूप व तिच्यात झालेला बदल स्पष्ट केला आहे.

मोसमी वारे व गाळाचे वहन :

वाऱ्यामुळे निर्माण झालेल्या लाटा किनाऱ्याशी बहुधा तिरप्या येतात. अशी लाट वाळूचे कण पुळणीवर तिरपे चढवते. परतणारे पाणी मात्र उताराच्या दिशेने सरळ खाली येते. त्यामुळे प्रत्येक लाटेगणिक कण किनाऱ्याच्या कडेने थोडा पुढे सरकतो. लाटा फुटण्याच्या पट्ट्यात किनाऱ्यास समांतर प्रवाहही निर्माण होतो आणि तो तरंगता गाळ वाहून नेतो.

जून ते सप्टेंबर या काळात नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे लाटा दक्षिणेकडून येतात व गाळ उत्तरेकडे सरकतो. ईशान्य मोसमी काळात ही दिशा उलटते. तथापि वर्षाचे निव्वळ वहन उत्तरेकडेच होते. गौतमी शाखेच्या मुखापासून काकीनाड्याच्या दिशेने वाढलेला सुमारे 16 कि.मी. लांबीचा वाळूचा दांडा हे त्याचे ठळक उदाहरण होय. या दांड्याच्या आडोशाने काकीनाडा बंदर सुरक्षित राहिले व कोरिंगाच्या खारफुटीस शांत पाणी लाभले.

चक्रीवादळांचे कार्य :

मोसमी लाटा हे कार्य संथपणे करतात, तर चक्रीवादळ काही तासांत किनाऱ्याचे रूप पालटते. वादळी लाटेमुळे समुद्राची पातळी वाढते, पुळणीची वाळू खोल पाण्यात ओढली जाते आणि काही वाळू वाळूच्या टेकड्या ओलांडून आत पसरते. नोव्हेंबर 1839 मध्ये कोरिंगा बंदर अशाच लाटेने उद्ध्वस्त झाले. 6 नोव्हेंबर 1996 रोजी काकीनाड्याच्या दक्षिणेस धडकलेल्या वादळानेही मोठी जीवितहानी केली. खोल पाण्यात गेलेल्या वाळूचा काही भाग शांत काळातील लाटा परत आणतात. परंतु किनारा पूर्ववत होण्यासाठी नदीकडून नवा गाळ मिळणे आवश्यक असते.

पुरवठ्यातील घट :

येथे एक महत्त्वाची बाब लक्षात घ्यावी लागते. जे वारे सह्याद्रीवर पाऊस पाडून नदीस पूर आणतात, त्याच वाऱ्यांच्या लाटा किनाऱ्यावरील गाळ पुढे नेतात. म्हणजेच पुरवठा आणि वहन यांचा ऋतू एकच आहे. धरणांनी यातील पुरवठा कमी केला, वहन मात्र कायम राहिले. प्रवरेवर भंडारदरा धरण 1926 मध्ये पूर्ण झाले. पैठणचे जायकवाडी धरण 1976 मध्ये कार्यान्वित झाले. त्याच्या नाथसागर जलाशयाचा फुगवटा प्रवरासंगमापर्यंत येत असल्याने प्रवरेचा बराचसा गाळ तेथेच बसतो. गोदावरीच्या गाळात प्राणहिता, इंद्रावती यांसारख्या उपनद्यांचा वाटा मोठा आहे. त्यामुळे केवळ प्रवरेस कारण मानता येणार नाही. तथापि संपूर्ण खोऱ्याचा विचार करता, 1970 च्या दशकात समुद्राकडे जाणारा तरंगता गाळ वर्षाला सुमारे 15 कोटी टन होता, तो 1990 च्या दशकात सुमारे 5.7 कोटी टनांवर आला. याच काळात त्रिभुज प्रदेशाच्या किनाऱ्याची धूप भरीपेक्षा अधिक झाल्याचे उपग्रह प्रतिमांवरून आढळले.

समारोप :

किनाऱ्याची धूप हा केवळ किनाऱ्याचा प्रश्न नाही. किनाऱ्यावर दगडी बांध घातल्याने एका गावाचे रक्षण होईल. पण पुढील गावाकडे जाणारी वाळू अडेल. धरणात साचणारा गाळ आपण साठवणक्षमतेची हानी म्हणून मोजतो. तोच गाळ त्रिभुज प्रदेशाच्या खात्यावरील तूट आहे, या दृष्टीनेही त्याची नोंद व्हावयास हवी. नदीपात्रातील वाळूउपशाचा विचारही याच हिशेबात करणे इष्ट ठरेल. भूगोलाच्या अध्यापनात घाटमाथा, पठार व किनारा ही प्रकरणे स्वतंत्रपणे शिकविली जातात. गाळाच्या प्रवासाच्या आधारे ती एकत्र जोडता येतील.