मांजरेची वाळू आणि इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष

बिलोली तालुक्यातल्या मुलाला वाळू शिकवावी लागत नाही. येसगी-सगरोळीकडची मांजरेची वाळू ट्रॅक्टरमधून जाताना बघतच तो मोठा होतो. दमट वाळू ब्रासने मोजून घेतली की वाळल्यावर कमी भरते, हे तिथं कुणीही सांगेल. हाच मुलगा पुढे सिव्हिलच्या वर्गात ‘बल्किंग ऑफ सँड’ची व्याख्या पाठ करतो आणि ती आपल्याच नदीची गोष्ट आहे, हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं! वाळूच्या कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा धरतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि ढीग फुगतो. वाळू पाण्यात पुरती बुडवली की पुन्हा खाली बसते. काचेच्या बरणीत दहा मिनिटांत दिसणारा हा प्रकार.

बँकेत असताना शैक्षणिक कर्जाचा पुढचा हप्ता देण्याआधी मला गुणपत्रिका पाहाव्या लागत. बारावीला नव्वदीच्या घरातला मुलगा पहिल्याच वर्षी ड्रॉइंगमध्ये अडकलेला असे. ‘पोरगं बिघडलं का काय, साहेब?’ वडील हळूच विचारत.

पोरगं बिघडलेलं नसे. ‘लातूर पॅटर्न’ला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही, मराठवाड्यातल्या कितीतरी घरांना त्यानं दारं उघडून दिली. पण त्या शिस्तीत प्रश्न पाहिला की त्याचा प्रकार ओळखायचा, सराव आठवायचा, उत्तर लिहायचं. ड्रॉइंगमध्ये समोर नसलेली वस्तू मनात फिरवून पाहावी लागते. त्यातून वरून दिसणारं दृश्य कागदावर खाली काढायचं! बटाटा कापून तो आकार मुलाच्या हातात दिला, तर निम्मी भीती जाते.

अमेरिकेतले रिचर्ड फेल्डर आणि लिंडा सिल्व्हरमन यांनी १९८८ साली हेच मांडलं. इंजिनिअरिंगची बहुतेक मुलं पाहून, हाताळून शिकतात आणि वर्गात मात्र नुसतं ऐकवलं जातं, असं त्यांचं म्हणणं. पुढे याचं फॅड झालं. ‘आमचा बंटी बघून शिकणारा’ अशी लेबलं घरोघरी लागली. शैलीनुसार मुलं वेगळी काढून शिकवल्यानं फायदा होतो, याला पुरेसा आधार नाही, असं हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिलं. खुद्द फेल्डरनाही अशी वाटणी नको होती. एकच गोष्ट दाखवावी, करायला लावावी, मग सूत्र द्यावं, आणि हे साऱ्याच वर्गासाठी करावं, एवढंच त्यांचं सांगणं होतं.

राहिली भाषा. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं २०२१ पासून मराठीतून अभियांत्रिकी शिकवायला मुभा दिली आहे. पण त्यासाठी पुस्तकांची, नोकरीची वाट पाहत बसायचं कारण नाही. बिलोलीकडे मराठीच्या जोडीला तेलुगू आणि दखनीही कानांवर पडते. आणखी एक भाषा तिथल्या मुलांना जड नाही. त्यांना शंका ज्या भाषेत येते, त्याच भाषेत वर्गात विचारू द्यावी. प्राध्यापकांनी उत्तर इंग्रजीत दिलं तरी चालेल.