बंब गावाचा, भार घरपट्टीवर

तालुक्याच्या गावातलं अग्निशमन केंद्र म्हणजे बऱ्याचदा एक शेड, एक-दोन बंब, एक फोन आणि पाळीवर असलेली चार माणसं. यंत्रचालक कायम नोकरीतला, फायरमन बहुधा कंत्राटी. १०१ वर वर्दी आली की हीच चौघं निघतात. मोठ्या बंबात साधारण साडेचार हजार लिटर पाणी मावतं. पंप पूर्ण दाबाने चालवला तर ते काही मिनिटांत संपतं. मग जवळची विहीर शोधायची, नाहीतर टँकरची वाट बघायची. शहरात पाच ते सात मिनिटांत आणि ग्रामीण भागात वीस मिनिटांत पोहोचावं, असा स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेचा निकष आहे. तीस किलोमीटरवरच्या वाडीत गोठा पेटला तर काय करायचं, हे निकषात नाही. तिथे साखर कारखान्याचा किंवा एमआयडीसीचा बंब आधी पोहोचला तर नशीब.

महाराष्ट्रात पोलीस राज्याचे, १०८ ची रुग्णवाहिका राज्याची; बंब मात्र ज्या त्या नगरपालिकेचा. राज्यात अग्निशमन संचालनालय आहे, पण ते देखरेखीपुरतं. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने स्थानिक संस्थांसाठी जे अठरा विषय नेमून दिले, त्यात अग्निशमन आहे. काम खाली आलं, कमाई मात्र वर गेली. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली, पुढे महापालिकांची, आणि २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर मुंबईचीही. बदल्यात अनुदान येतं. ते पगार, पाणी आणि कचरा यांतच जिरतं. महापालिकांत आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांपुढे गेला की नोकरभरती अडते. त्यामुळे फायरमनची पदं आकृतिबंधात असतात, केंद्रावर नसतात.

कामं मात्र कमी होत नाहीत. विहिरीत पडलेला बैल, पुरात अडकलेलं कुटुंब, महामार्गावर उलटलेला गॅसचा टँकर, विसर्जनाचा घाट. आणि हो, मंत्र्यांचं हेलिकॉप्टर उतरणार असेल तर हेलिपॅडवर बंब उभा हवाच. तेवढा वेळ गावाने आगीला थोपवून धरायचं!

त्यात वाहनांच्या वयाचा प्रश्न आला. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी पुन्हा होत नाही, आणि पालिकांच्या गाड्याही या नियमात येतात. हवा स्वच्छ राहावी म्हणून केलेला नियम, त्याला हरकत नाही. पण बंब धावतो थोडा आणि उभा जास्त असतो. त्याचं वय किलोमीटरवर नव्हे, कॅलेंडरवर मोजलं गेलं. नव्या गाडीची किंमत छोट्या नगरपालिकेला एका वर्षात झेपणारी नसते.

वेगळं करता येतं, याचे दाखले लांब नाहीत. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ सेवा सुरू झाली ती ९३७ रुग्णवाहिका घेऊन, राज्यस्तरीय कंत्राटावर आणि रुग्णाला मोफत. त्या कंत्राटावर टीका करायला भरपूर जागा आहे, पण निदान गडचिरोलीची गाडी गडचिरोलीच्या घरपट्टीवर चालत नाही. गोव्यात अग्निशमन हे राज्य सरकारचंच संचालनालय आहे, आणि किनाऱ्यांवरचे जीवरक्षकही २००८ पासून सरकारी कंत्राटातून नेमलेले. आपल्या कोकणात किनाऱ्याचा भार कित्येक ठिकाणी ग्रामपंचायतीवर पडतो. जीवरक्षकांचं मानधन पर्यटकांकडून घेतलेल्या पावत्यांतून काढावं लागतं. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले, तेव्हा जीवरक्षकांची चर्चा राज्यभर झाली. चर्चेला पैसे लागत नाहीत.

पैसा अगदीच नाही असंही नाही. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी पाच हजार कोटी रुपयांची शिफारस केली आणि २०२३ मध्ये केंद्राने योजना आणली. त्यात महाराष्ट्रासारख्या राज्याने पंचवीस टक्के वाटा घालायचा. केंद्रं, उपकरणं, प्रशिक्षण यांना त्यातून बळ मिळेल. पण बंब चालवणाऱ्याचा महिन्याचा पगार शेवटी पालिकेलाच काढायचा आहे, आणि दुखणं नेमकं तिथे आहे.

दुसरा झरा कायद्यातच आहे. २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने बांधकामांवर अग्निशमन सेवा शुल्क बसवलं. इमारतीतली यंत्रणा चालू असल्याचा दाखला मालकाने दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचा, असंही त्यात आहे. तरी जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा बाळं दगावली. त्यानंतर राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. ते तपासायला माणसं तीच, आधीच कमी असलेली.

माझं मत सरळ आहे: छोट्या नगरपालिकांच्या फायरमनचा पगार राज्याने उचलावा आणि जिल्हा हा घटक धरून केंद्रं आखावीत. ते होईपर्यंत वाचकांनी एवढं करावं. आपल्या पालिकेचं अंदाजपत्रक मागून घ्या. अग्निशमन शुल्क म्हणून वर्षात किती जमा झालं आणि अग्निशमनावर किती खर्च झाला, हे दोन आकडे शोधा, आणि दोन्हींत तफावत दिसली तर नगरसेवकाला लेखी विचारा.