रद्द झालेली वेळ जाते कुठे?

म्हसळा-श्रीवर्धनकडच्या घरातला मुलगा दुबईला किंवा मस्कतला असेल, तर फोनचा हिशेब सोपा असतो. बाराही महिने दीड तासाचा फरक. अलिबागच्या इस्राएल आळीतून अश्दोदला किंवा लोदला गेलेल्या बेने इस्राएल नातेवाइकांशी बोलायचं, तर उन्हाळ्यात अडीच तास धरायचे आणि थंडीत साडेतीन. इस्राएल वर्षातून दोनदा घड्याळ सरकवतो, उन्हाळ्यात तासभर पुढे आणि थंडीत परत मागे; हीच उन्हाळी वेळ. आखात सरकवत नाही. हा फरक आपल्या फोनला ठाऊक असतो, कारण त्याच्या पोटात एक फाइल असते: टाइम झोन डेटाबेस, म्हणजे जगभरच्या घड्याळांचं दप्तर.

आर्थर डेव्हिड ओल्सन या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९८६च्या सुमारास ते सुरू केलं. पुढे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले पॉल एगर्ट त्याचे मुख्य सांभाळकर्ते झाले. अँड्रॉइड, आयफोन, लिनक्स, बँकांचे सर्व्हर, सगळे याच दप्तरावर चालतात. ते पाहायला गेलात तर निराशा होईल. साधा मजकूर, खंडवार फायली, आणि एकेका ओळीत एकेक नियम: कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, कुठल्या महिन्यात, कितव्या रविवारी, किती वाजता, किती तास पुढे. नियम अजून चालू असेल तर शेवटच्या वर्षाच्या जागी ‘मॅक्स’ लिहितात. यावच्चंद्रदिवाकरौ म्हणा ना. फक्त सरकार बदलेपर्यंत.

देशाने उन्हाळी वेळ रद्द केली की त्या ‘मॅक्स’च्या जागी शेवटचं वर्ष येतं. जुनी ओळ कुणी खोडत नाही, आणि मला यातच या कामाचं मर्म दिसतं. कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांच्या मॉरिशसने उन्हाळी वेळेचा प्रयोग दोनदा केला, १९८२-८३ मध्ये आणि २००८-०९ मध्ये. दोन्ही वेळा एकच हंगाम, मग गाशा गुंडाळला. पण २६ ऑक्टोबर २००८ ते २९ मार्च २००९ या काळात पोर्ट लुईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड नव्हे, अर्धाच तास मागे होतं. त्या काळातला मेल, विमानाचं तिकीट, पोलिसांची नोंद आज उघडली तर वेळ बरोबर दिसायला हवी. म्हणून रद्द झालेला नियमही कायमचा जपावा लागतो.

खरी ओढाताण होते ती पुढच्या तारखांची. जॉर्डनने ५ ऑक्टोबर २०२२ रोजी जाहीर केलं की यंदा २८ तारखेला घड्याळ मागे घ्यायचं नाही, उन्हाळी वेळच कायम. आता अम्मानमधल्या कुणी नोव्हेंबरातली सकाळी दहाची डॉक्टरांची वेळ आधीच कॅलेंडरात टाकली असेल आणि कॅलेंडरने ती जागतिक वेळेत (यूटीसी) बदलून ठेवली असेल, तर नवी फाइल आल्यावर तिथे अकरा दिसतात. नवी फाइल आलीच नाही, तर फोन २८ तारखेला आपणहून तासभर मागे जातो. जुन्या फोनला कंपनी काही पाठवत नाही. मग मालकाने रियाधची वेळ निवडून भागवायचं. मेक्सिकोने तर कमाल केली. उन्हाळी वेळ बंद करणारा कायदा राजपत्रात आला २८ ऑक्टोबर २०२२ला, म्हणजे घड्याळं शेवटची मागे घेण्याच्या दोन दिवस आधी. त्याच दिवशी दप्तराची नवी आवृत्ती निघाली. ती लोकांच्या खिशात पोचायला मात्र दोन दिवस पुरत नाहीत.

इस्राएलने रद्द काही केलं नाही, पण दप्तराला छळलं भरपूर. उन्हाळी वेळ योम किप्पूरच्या उपासाआधी संपवायची, हा धार्मिक पक्षांचा आग्रह. घड्याळ मागे घेतलं की उपास तासभर लवकर सुटल्यासारखा वाटतो. हा सण हिब्रू पंचांगाने चालतो, त्यामुळे दर वर्षाची तारीख वेगळी मांडावी लागे. २०१३ मध्ये कायदा बदलला, ऑक्टोबरचा शेवटचा रविवार ठरला आणि त्या सगळ्या ओळींच्या पुढे एकच सुटसुटीत ओळ आली.

या कटकटीतून सुटका हवी असेल तर अलिबागच्याच चुंबकीय वेधशाळेकडे पाहावं. अशा वेधशाळा जगाला आकडे देतात ते जागतिक वेळेत. शास्त्रज्ञांना ते जमतं. शाळेला, कचेरीला, लाँचच्या वेळापत्रकाला नाही.

आणि आपण स्वतः? भारतानेही उन्हाळी वेळ पाळली आणि मोडली, हे अनेकांना आठवत नाही. युद्धाच्या धामधुमीत १ ऑक्टोबर १९४१ला घड्याळं तासभर पुढे गेली, १५ मे १९४२ला परत आली, त्या सप्टेंबरात पुन्हा पुढे गेली ती थेट १५ ऑक्टोबर १९४५पर्यंत. दप्तरात ‘आशिया/कोलकाता’ या नावाखाली हे सगळं आहे, आणि अलिबागचा फोनही त्याच नावावर चालतो. जुन्या पत्रिका करणारे ज्योतिषी मात्र हे विसरलेले नाहीत. त्या काळातला जन्म असेल तर ते एक तास वजा करतात.

तरी एक भोक राहतंच. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, पण मुंबईत तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे असलेली मुंबई वेळही १९५५च्या सुमारापर्यंत टिकून होती. दप्तराची हमी १९७० पासूनची, म्हणून मुंबईला वेगळा विभाग नाही. १९४३ मधल्या जन्मवेळेला संगणक बिनदिक्कत युद्धवेळ लावतो. ती वेळ मुंबई वेळेच्या घड्याळावर पाहिलेली असेल, तर हिशेब चुकला.

योगायोग पाहा, या दप्तरावर खटला भरला तो ज्योतिषाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या ॲस्ट्रोलेब या अमेरिकी कंपनीने, २०११ मध्ये. जुन्या वेळांच्या नोंदी आमच्या पुस्तकातल्या, असा तिचा दावा होता. ओल्सन-एगर्ट प्रतिवादी झाले, दप्तर काही दिवस जालावरून गायब झालं. इंटरनेटची नावं-क्रमांक सांभाळणाऱ्या संस्थेने ते आपल्याकडे घेतलं आणि २०१२च्या फेब्रुवारीत कंपनीने खटला मागे घेतला. घड्याळात किती वाजले होते, ही वस्तुस्थिती आहे. तिच्यावर मालकी सांगायला निघणं मला तरी हास्यास्पदच वाटतं.