विश्लेषण : गेमिंग लॅपटॉप तापतोय… दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

गेम सुरू करून वीस मिनिटे होत नाहीत तोच पंखे घोंघावू लागतात, कीबोर्डवर हात ठेवता येत नाही, चित्र अडखळू लागते आणि कधी कधी लॅपटॉप आपोआप बंद पडतो. गेमिंग लॅपटॉप दोन-तीन वर्षांचा झाला की ही तक्रार हमखास ऐकू येते. दुकानात नेल्यावर कुणी ‘पेस्ट बदलून देतो’ म्हणतो, कुणी ‘मदरबोर्ड गेलाय’ असे सांगतो, तर कुणी थेट नवा घ्यायला सुचवतो. अभियांत्रिकी, वास्तुरचना किंवा अॅनिमेशन शिकणाऱ्या अनेकांसाठी हेच यंत्र अभ्यासाचेही असते आणि काहींचे तर त्यावरील हप्तेही फिटलेले नसतात. त्यामुळे हा निर्णय काही शे रुपयांचाही ठरू शकतो आणि लाखभर रुपयांचाही. तापणे हा आजार नसून लक्षण आहे, हे लक्षात घेतले तर तो बराच सोपा होतो.

किती तापमान धोकादायक?

गेमिंग लॅपटॉप तापणारच. एकट्या ग्राफिक्स चिपला शंभर वॉट किंवा त्याहून अधिक वीज लागू शकते, प्रोसेसरची गरज वेगळी. या विजेचे जवळपास सगळे रूपांतर उष्णतेत होते आणि ती दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या पेटीतून बाहेर काढायची असते. इंटेलच्या बहुतांश लॅपटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, एएमडीच्या प्रोसेसरची ९५ ते १०५ अंश. ग्राफिक्स चिपची मर्यादा सहसा याहून कमी असते. त्यामुळे गेम खेळताना प्रोसेसर ८५-९० अंशांवर दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

मर्यादा गाठली की चिप स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करते. याला ‘थ्रॉटलिंग’ म्हणतात. गेम अडखळतो तो यामुळे. तेवढ्यानेही भागले नाही तर यंत्र बंद होते. म्हणजे नुसता आकडा पाहून उपयोग नाही. वेग सतत घसरतो का, यंत्र बंद पडते का आणि हे पूर्वीही होत होते की अलीकडेच सुरू झाले, हे तीन प्रश्न महत्त्वाचे.

जुना झाल्यावर अधिक का तापतो?

चिपवर धातूची पट्टी आणि तांब्याच्या नळ्या बसवलेल्या असतात. नळ्यांमधील थोडासा द्रव उष्णतेने वाफ होतो, पंख्यापाशी जाऊन थंड होतो आणि पुन्हा चिपकडे परततो. पंखा बारीक पात्यांच्या जाळीतून हवा बाहेर फेकतो. या साखळीतील कोणताही दुवा कमजोर झाला की तापमान चढते.

सर्वात सामान्य कारण धूळ. पंखा आणि जाळी यांच्यामध्ये धूळ, केस व तंतू यांचा नमद्यासारखा थर जमतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, आत मात्र हवेची वाट बंद झालेली असते. दुसरे कारण थर्मल पेस्ट. चिप आणि धातूची पट्टी यांच्यातील सूक्ष्म फटी भरणारी ही पेस्ट दोन-चार वर्षांत कोरडी पडते किंवा वारंवार तापण्या-निवण्यामुळे कडेला सरकते. तिसरे, पंख्याचे बेअरिंग झिजते. पंखा खरखरतो, मंद होतो किंवा थांबतो.

चौथे कारण लॅपटॉपच्या बाहेरचे आहे. बहुतेक उत्पादक लॅपटॉप वापरण्यासाठी खोलीचे कमाल तापमान ३५ अंश असावे असे सांगतात. नागपूर, चंद्रपूर, अकोल्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा पंख्याखाली बसलेल्याची खोलीही ३५ अंशांत राहत नाही. खोली दहा अंशांनी तापली की चिपचे तापमानही ढोबळमानाने तेवढेच वाढते. डिसेंबरमध्ये नीट चालणारा लॅपटॉप मे महिन्यात अडखळला, तर तो बिघडला आहे असे लगेच समजू नये. किनारपट्टीवर दमट, खारी हवा धातूचे भाग गंजवते, हा आणखी एक भाग.

दोष कुठे आहे, हे घरी कसे ओळखावे?

‘एचडब्ल्यूइन्फो’सारखे मोफत सॉफ्टवेअर चिपचे तापमान, वेग आणि बहुतेक यंत्रांत पंख्याची गतीही दाखवते. एकच गेम, त्याच सेटिंगवर अर्धा तास चालवून या नोंदी ठेवाव्यात आणि खोलीचे तापमानही लिहावे. मग चित्र स्पष्ट होऊ लागते.

काहीही चालू नसताना तापमान ७० अंशांवर असेल, तर आधी टास्क मॅनेजर उघडावा. पार्श्वभूमीवर एखादा प्रोग्रॅम किंवा मालवेअर प्रोसेसर राबवत असू शकतो. तसे नसेल, तर पेस्ट किंवा पट्टीची पकड सैल झाल्याची शक्यता अधिक. गेम सुरू होताच काही सेकंदांत ९५ अंश गाठले जात असतील, तर तेही पेस्टकडेच बोट दाखवते. तापमान दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू चढत असेल आणि बाहेर पडणारी हवा क्षीण असेल, तर धूळ किंवा पंखा. दोनपैकी एकच पंखा फिरत असेल, तर निदान झालेच. लॅपटॉप पहिल्या दिवसापासून इतकाच तापत असेल, तर तो रचनेचा दोष आहे. साफसफाईने त्यात फार फरक पडणार नाही.

कधी दोष फर्मवेअरमध्येही असतो. २०१८ मध्ये कोअर आय९ प्रोसेसर असलेल्या मॅकबुक प्रोचा वेग ताणाखाली फार घसरत असल्याच्या तक्रारी आल्या. अॅपलने फर्मवेअरमधील त्रुटी मान्य करून अपडेट दिले. तो गेमिंग लॅपटॉप नव्हता, पण धडा लागू पडतो. पैसे खर्च करण्याआधी बायोस आणि ड्रायव्हर अद्ययावत आहेत का, ते पाहावे.

पैसे न खर्चता काय करता येते?

लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवर ठेवू नये, कारण हवा बहुधा तळातूनच आत घेतली जाते. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलली, तरी फरक जाणवतो. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर १२० फ्रेम काढण्यात वीज आणि उष्णता दोन्ही वाया जातात, म्हणून फ्रेम दराला मर्यादा घालावी. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल क्षमता १०० ऐवजी ९९ टक्के केली, की बहुतेक यंत्रांत ‘टर्बो बूस्ट’ बंद होतो. अनेक गेममध्ये वेगावर थोडाच परिणाम होतो, पण तापमान लक्षणीय उतरते. हे उपाय करून यंत्र सुरळीत चालले, तर दुरुस्तीची घाई नाही.

कोणती दुरुस्ती परवडते, कोणती नाही?

साफसफाई आणि पेस्ट बदलणे ही सर्वात स्वस्त व सर्वाधिक गुण देणारी दुरुस्ती. सुटा पंखा मिळत असेल, तर तोही आवाक्यातला खर्च. घरी करायचे असल्यास यंत्र बंद करून, चार्जर काढून, आतील बॅटरीची जोडणी सोडवूनच हात लावावा. ब्लोअरने हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो भरधाव फिरून बेअरिंग खराब होते. काही महागड्या यंत्रांत पेस्टऐवजी ‘लिक्विड मेटल’ असते. ते वीजवाहक असल्याने एक थेंब सांडला तरी मदरबोर्ड जळू शकतो. असे यंत्र जाणकाराकडेच द्यावे.

खरी सावधगिरी हवी ती मदरबोर्डच्या दुरुस्तीत. स्क्रीनवर रेघा, चौकडी किंवा विचित्र रंग दिसत असतील, तर ग्राफिक्स चिप किंवा तिची मेमरी खराब झालेली असू शकते. गेमिंग लॅपटॉपमध्ये ही चिप सहसा मदरबोर्डवरच डाखलेली असते. काही ठिकाणी चिपला गरम हवा देऊन ती ‘जिवंत’ केली जाते. हा उपाय किती टिकतो, याचे उत्तर जुन्या प्रकरणात सापडते. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधील काही ग्राफिक्स चिप अपेक्षेपेक्षा अधिक प्रमाणात निकामी होत असल्याचे मान्य करून १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. दोष चिपच्या आवरणासाठी वापरलेल्या साहित्यात होता. सतत तापण्या-निवण्याने आतील सूक्ष्म जोड तडकत होते. अशी चिप पुन्हा गरम केली, की जोड तात्पुरते जुळतात आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा सुटतात. त्यामुळे ‘चिप गरम करून देतो’ या दुरुस्तीवर मोठी रक्कम घालू नये.

बॅटरी फुगली असेल तर?

टचपॅड वर उचलला गेला, झाकण नीट मिटेना किंवा तळ टेबलावर डुगडुगू लागला, तर बॅटरी फुगल्याची शक्यता आहे. येथे हिशेब मांडत बसू नये. लॅपटॉप लगेच बंद करावा, चार्जिंगला लावू नये, बॅटरी दाबू अथवा टोचू नये. लिथियम बॅटरीला आग लागू शकते. ती बदलेपर्यंत यंत्र वापरायचे नाही. मात्र बॅटरी फुगली म्हणजे लॅपटॉप संपला, असेही नाही. बाकीचे भाग ठीक असतील, तर नवी बॅटरी बसवून यंत्र चालते. सतत चार्जरवर वापरणाऱ्यांनी चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवल्यास नव्या बॅटरीचे आयुष्य वाढते.

हिशेब कसा मांडायचा?

दुरुस्तीच्या खर्चाची तुलना मूळ खरेदी किमतीशी करणे ही नेहमीची चूक. ८० हजारांच्या यंत्रावर आठ हजार काय जड, असे वाटते. पण ते ८० हजार केव्हाच खर्च झालेले असतात. त्याऐवजी प्रत्येक पर्यायाचा महिन्याचा खर्च काढावा. समजा, साफसफाई, पेस्ट आणि दोन पंखे मिळून सहा हजार रुपये लागले आणि यंत्र आणखी दोन वर्षे चालले, तर खर्च महिन्याला २५० रुपये. नवा लॅपटॉप ९० हजारांचा असून पाच वर्षे टिकला, तर महिन्याला १५०० रुपये. मदरबोर्ड बदलायला २८ हजार लागले आणि यंत्र वर्षभरच चालेल असे वाटत असेल, तर महिन्याला २३०० रुपयांहून अधिक. पहिली दुरुस्ती नव्यापेक्षा कितीतरी स्वस्त, तिसरी नव्यापेक्षा महाग. आकडे आपापल्या लॅपटॉपप्रमाणे बदलतील, पण रीत हीच.

नव्याची किंमत पकडताना आजचा भाव विचारात घ्यावा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडून मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिप महाग झाल्या आणि त्याचा भार लॅपटॉपच्या किमतींवरही आला. लॅपटॉपवरील जीएसटी सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेनंतरही १८ टक्केच आहे. त्यामुळे चालू शकणारे यंत्र आणखी वर्ष-दोन वर्षे चालवणे पूर्वीपेक्षा अधिक किफायतशीर ठरू शकते.

दुरुस्त होऊ शकत असूनही बदलावा कधी?

थंड चालत असतानाही लॅपटॉप आपले काम करू शकत नसेल, तर दुरुस्तीने प्रश्न सुटत नाही. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतच्या बहुतांश प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. जीटीएक्स ९०० आणि १० मालिकेच्या ग्राफिक्स चिपसाठी नव्या गेमनुसार ड्रायव्हर देणे ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवण्याचे एनव्हिडियाने जाहीर केले. सुरक्षाविषयक अद्यतने ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. अशा यंत्रावर हजार-दोन हजारांची साफसफाई ठीक, त्यापुढे हात आखडता घ्यावा.

ग्राफिक्स मेमरीचेही तेच. रॅम आणि एसएसडी बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये वाढवता येतात, ग्राफिक्स मेमरी नाही. चार जीबी ग्राफिक्स मेमरीवर नवे मोठे गेम चालत नसतील, तर त्याला पेस्टचा इलाज नाही. उलट अडचण फक्त तापण्याची असेल आणि पूर्वी हेच काम सहज होत असेल, तर दुरुस्तीच योग्य.

ग्राहकाने काय लक्षात ठेवावे?

वॉरंटी शिल्लक असेल, तर स्वतः उघडण्याआधी अधिकृत सेवा केंद्रात तक्रार नोंदवून पावती घ्यावी. बाहेर दुरुस्तीला देताना डेटाचा बॅकअप घ्यावा, खर्चाचा लेखी अंदाज मागावा, बदललेला जुना भाग परत मागावा आणि दुरुस्तीआधीच्या व नंतरच्या तापमानाच्या नोंदी ताडून पाहाव्यात. वाद झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

नवा घ्यायचे ठरले, तर ग्राफिक्स चिपच्या नावावर न जाता तिला किती वॉट मिळतात ते पाहावे. आरटीएक्स ४०६० ही एकच चिप लॅपटॉपनुसार ३५ ते ११५ वॉटपर्यंत चालते. नाव तेच, कामगिरीत मोठा फरक. जुने यंत्र भंगारात फेकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार लॅपटॉप उत्पादकांवर पुनर्वापराची जबाबदारी आहे. त्यांच्या संकलन केंद्रात किंवा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रात ते देता येते. देण्यापूर्वी एसएसडी काढून घ्यावी किंवा पूर्ण पुसावी. अनेकदा ती चांगल्या अवस्थेत असते आणि नव्या लॅपटॉपलाही उपयोगी पडते.