कॅलिपर उतरविण्याचीं हत्यारें

ज्या घरांत मोटार आहे त्या घरीं तिचा ब्रेक केव्हां ना केव्हां उघडावाच लागतो. तें काम जाणत्या कारागिराकडून करवावें हें उत्तम. परंतु यंत्रांची आवड असलेला मुलगा अथवा मुलगी घरांत असेल तर तें अंगणांतहि होतें. घरांतील सर्वांचाच जीव या ब्रेकावर सोंपविलेला असल्यामुळें, त्यासाठीं कोणतीं हत्यारें घ्यावींत याविषयीं लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीस दोन्ही अंगांनीं चिमटीत धरणारी जी धातूची पकड, तीच कॅलिपर. पेडल दाबलें कीं तेलाच्या दाबानें तिच्यांतील दट्ट्या पुढें सरतो व पॅड तबकडीवर आवळले जातात. इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर यांनीं तबकडीच्या ब्रेकाचें पेटंट १९०२ सालींच घेतलें होतें. पण त्याचा डंका वाजला तो १९५३ सालीं, फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत असे ब्रेक असलेल्या जॅग्वार गाडीनें जिंकली तेव्हां. ढोलाच्या ब्रेकांत सारे भाग झांकलेले असतात, यांत ते उघडे राहतात. त्यामुळें ब्रेक लवकर निवतो हा लाभ. बोल्ट पावसांत भिजून गंजतात हा तोटा. कोंकणांतल्या खाऱ्या हवेंत तर गंज अधिकच लवकर चढतो.

हत्यारांचा खरा प्रश्न या गंजानेंच उत्पन्न होतो. गंजलेल्या बोल्टास पहिला हिसका बसतो त्या क्षणीं, पाना नीट बसलेला नसेल तर बोल्टाचे कोपरे झिजून माथा गोल होतो, आणि मग पुढचें सारें काम दसपट वाढतें. म्हणून गॅरेजांत ज्यास गोटी म्हणतात तो पेल्याच्या आकाराचा पाना सहा कोनांचाच घ्यावा. बारा कोनांची गोटी चटकन् बसते खरी, पण ती माथ्यास कोपऱ्यांजवळच धरते. मापाच्या बाबतींत तडजोड नको. अर्ध्या इंचाचा पाना १२·७ मिलिमीटरचा असतो. १२ मिलिमीटरच्या बोल्टावर तो "चालतो" असें सांगणारे सल्लागार पुष्कळ भेटतात. संध्येची पळी आमटी वाढावयास कोणी घेत नाहीं, मग येथेंच ही उदारता कां? कांहीं युरोपीय गाड्यांत माथ्याच्या आंत षट्कोनी खळगा असतो. त्यास ७ मिलिमीटरची एलन की लागते व ती बसविण्यापूर्वीं खळग्यांतील माती कोरून काढावी लागते.

जोर हवा तो लांब दांड्याचा, हातोडीचा नव्हे. दांडा दुप्पट लांब झाला कीं निम्मा जोर पुरतो. आदल्या रात्रीं गंज सोडविणारें तेल बोल्टावर टाकावें. तबकडीस व पॅडास मात्र त्याचा थेंबहि लागूं देऊं नये. आणखी एक गंमत अशी, कीं हे बोल्ट बहुधा मागील बाजूनें असतात. समोरून हात घालणारा नवशिका ते सोडविण्याऐवजीं आवळीत बसतो.

नुसत्या जॅकवर गाडी उभी करून काम करणें हें साहस नव्हे, मूर्खपणा आहे; खालीं लोखंडी स्टँड हवाच.

सर्वांत स्वस्त हत्यार म्हणजे तारेचा आंकडा, आणि नेमका तोच विसरला जातो. सुटलेला कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळूं दिला तर नळी आंतून दुखावते व बाहेरून कांहींच दिसत नाहीं. तो आंकड्यानें स्प्रिंगेस टांगावा. दट्ट्या मागें सारण्यास पुढील चाकांना साधा शिकंजा पुरतो. मागील चाकांत मात्र हातब्रेक कॅलिपरमध्येंच गुंफलेला असला, तर पुष्कळ गाड्यांत दट्ट्या फिरवीत फिरवीत मागें न्यावा लागतो. तेथें शिकंज्यानें बळ केल्यास आंतील रचना मोडते. त्याचें हत्यार निराळें मिळतें. विजेवर चालणारा हातब्रेक असल्यास निर्मात्यानें सांगितलेल्या रीतीवांचून त्याला हात लावूं नये.

पुन्हां आवळतांना टॉर्क रेंच वापरावा. किती आवळावें याचा आंकडा त्या गाडीच्याच पुस्तकांत पाहावा. पिनेच्या बोल्टास लागणारा जोर व कंसाच्या बोल्टास लागणारा जोर यांत पुष्कळदां तिपटीचें अंतर असतें, व तें नुसत्या मनगटास उमगत नाहीं. ब्रेकची धूळ फुंकून उडवूं नये. काम आटोपल्यावर गाडी हलविण्यापूर्वीं पेडल घट्ट लागेपर्यंत पुनःपुन्हां दाबावें. कारण दट्ट्या मागें गेलेला असल्यानें पहिल्या दाबास तें तळाशीं जातें, आणि ब्रेक लागतच नाहीं.